नको म्हटलेली पर्म

अष्टमीला सकाळी पाऊस थांबला, तेव्हा मनबहादुर थापाचं भात आडवं झालेलं होतं. वरची दोन खाचरं तेवढी उभी राहिली होती. खालच्या सगळ्या खाचरांत म्हशी लोळून गेल्यासारखं पीक एका अंगावर पडलं होतं आणि लोंब्या पाण्याला टेकल्या होत्या. म्हातारा बांधावर बसला. डावा पाय दुमडला, उजवा लांब सोडला. उजवा गुडघा वाकत नव्हता. त्यानं एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, दाणा दाताखाली फोडून पाहिला आणि थुंकला.

"काय म्हणतात?" यतीननं विचारलं.

"दाणा भरलाय," तेजमान म्हणाला. "चार-पाच दिवसांत निघालं तर घरात. नाहीतर शेतातच मोड येणार. मग घाला म्हशीला."

तेजमान हा मनबहादुरचा मुलगा. लंडनला, हाउन्सलोत, विमानतळाजवळच्या एका कार्गो शेडमध्ये तो फोर्कलिफ्ट चालवायचा. यतीन मोहोळकर त्याच शेडच्या ऑफिसात होता. दोघांची घरं दोन गल्ल्या सोडून. तेजमान बरीच वर्षं म्हणत होता, एकदा दसैंला आमच्याकडे चल, गावं हिंडू, नातेवाइकांकडे खाऊ-पिऊ. या वर्षी यतीनची रजा शिल्लक होती आणि त्याच्या बायकोला, सुचेताला, हॉस्पिटलातून सुटी मिळत नव्हती. तेव्हा तो एकटाच आला. काठमांडूहून बस, बेसीशहरहून जीप, आणि पुढं आंपचौरपर्यंत चिखलात बूट रुतवत चढण.

दसैं म्हणजे आपलाच दसरा. आपण घटाला धान्य पेरतो तसे इथंही अंधाऱ्या कोपऱ्यात जव पेरलेले होते आणि त्यांचे पिवळे कोंब वीतभर वाढले होते. ते पाहून यतीनला फार बरं वाटलं होतं. इथलं सगळं आपल्याला आधीपासून माहीत आहे, अशी त्याची समजूत झाली ती तेव्हापासून.

भात काढायला एकादशीला माणसं यायची होती. ती मजुरीची नव्हती. आंपचौरात मजूर मिळतच नसे. ज्याच्या अंगात मजुरी करायची ताकद, तो कतारला नाहीतर मलेशियाला. मागं उरलेल्यांनी आपले दिवस एकमेकांत फिरवायचे. आज तुझ्या शेतात माझं अंग, उद्या माझ्या शेतात तुझं. याला ते पर्म म्हणत. यतीनच्या आजोळी, वेल्ह्याकडं, यालाच सावड म्हणतात. पण यतीन वाढला कोथरूडला, आणि आजोळी जायचा तो आंब्याच्या दिवसांत.

मनबहादुरनं लावणीच्या वेळी गुडघ्याला फडकं आवळून दुसऱ्यांच्या खाचरांत दिवस घातले होते. ते आता परत यायचे होते. पर्मेची टोळी जसमाया नावाची बाई लावायची. पन्नाशीची, अंगानं आडवी. कुणाच्या शेतात कधी जायचं ते तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी जायचं.

यतीन ओटीवर चहाचा पेला घेऊन बसला होता. समोर म्हातारा एका पायावर जोर देत विळ्याला धार लावत होता.

"सणाच्या दुसऱ्या दिवशी एवढ्या बायकांना चिखलात उतरवायचं," यतीन म्हणाला, "आणि बाबांनी त्यांच्या बरोबरीनं वाकायचं? इट डझन्ट मेक सेन्स, तेजमान. कापायचं मशीन नाही मिळत इथे?"

"बेसीशहरला मिळतं भाड्यानं."

"मग आणू की. माझ्याकडून दसऱ्याची भेट समज. लोकांना सण करू दे."

तेजमानला हे आतून हवंच होतं. लंडनहून यायचं आणि बापाच्या हातात विळा बघायचा, याची त्याला लाज वाटे. तो लगेच उठला.

गावाच्या माळावर चार उंच बांबू बांधून झोपाळा टांगला होता. पोरीबाळी त्यावर उभ्या राहून झोके घेत होत्या. जसमाया दोर धरून उभी होती.

"दिदी," तेजमाननं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "एकादशीला कुणी येऊ नका. माहेरी जा, सण करा. आम्ही मशीन आणतोय."

जसमाया त्याच्याकडं वळली.

"बा म्हणाला तुझा?"

"बाला काय विचारायचं? त्याला आरामच."

जसमायानं दोर सोडला. तळवे लुगड्याला पुसले. "बरं," म्हणाली.

परत येताना यतीन म्हणाला, "बघ, खूश झाल्या."

मनबहादुरला हे संध्याकाळी कळलं. अंगणात केळीच्या पानांवर तो बोकडाच्या मटणाचे वाटे घालत होता. तेजमाननं सांगितलं तेव्हा त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. पण त्यानंतरचे वाटे लहानमोठे पडले. बोलली ती आमा, तेजमानची आई. चुलीपाशी बसून ती बराच वेळ एका सुरात बोलत राहिली. तेजमान मान खाली घालून ऐकत होता.

"काय झालं?" यतीननं हळूच विचारलं.

"कुणी दिवस फेडायला निघालं आणि आपण नको म्हटलं, की त्याचा अर्थ..." तेजमान शब्द शोधू लागला. "अर्थ असा, की आता आमचं तुमच्यावाचून अडत नाही. संबंध संपला. यापुढं लावणीला, काढणीला, कशालाच बोलावू नका."

"पण आपण तर त्यांच्या चांगल्यासाठी म्हटलं."

"आय नो."

"मग जाऊन सांग तसं."

"सांगून काय होतंय? बोललो ना सगळ्यांसमोर."

मशीन नवमीला दुपारी आलं. दोन माणसांनी बांबूला बांधून ते चढावरून आणलं. ढकलायचं, पुढं पातं असलेलं, लाल रंगाचं. त्याला झेंडूची माळ होती. चालवणारा गडी म्हणाला, "आज पुजायचं, चालवायचं नाही." यतीनला हे सुचायला हवं होतं, खंडेनवमीला त्याच्या वडिलांची स्कूटरसुद्धा दिवसभर हार घालून उभी असे. दशमीला टिका. त्या दिवशी कामाचं नावसुद्धा नाही. दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवून म्हाताऱ्यानं सगळ्यांच्या कपाळी थापले, कानामागं जवाचे कोंब खोवले, दीर्घायुष्याचे आशीर्वाद पुटपुटले. यतीनलाही दिले. आवाजात काही उणं-अधिक नव्हतं. आभाळ भरलेलंच होतं.

एकादशीला मशीन खाचरात उतरलं. उभ्या भातात ते बरं चाललं. आडव्या भातात मात्र पातं पिकाच्या वरून जाई, नाहीतर चिखलात घुसे. ओल्या काड्या पात्याभोवती गुंडाळल्या जात. गडी मशीन बंद करी, काड्या उपसून काढी, पुन्हा दोरी ओढी. मागं राहिलेल्या पट्ट्यात दाणे चिखलात तुडवले गेले होते. आमा त्यातून ओंजळीनं दाणे वेचू लागली. मनबहादुरनं तिला हाक मारून बोलावून घेतलं.

जेवणवेळेला गड्यानं मशीन बांधावर चढवलं. "पडलेलं भात हातानंच काढायचं असतं," म्हणाला. "हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" त्याला बहिणीकडं टिका घ्यायला जायचं होतं.

जसमायाची टोळी तोवर पांगली होती. घरोघरच्या बायका माहेरी गेल्या होत्या. म्हाताऱ्यानं खांद्यावर शाल टाकली, काठी घेतली आणि वाटेला लागला. मागोमाग हे दोघे.

"कुठं?" यतीननं विचारलं.

"टिका घ्यायला," तेजमान म्हणाला. "आणि माणसं मागायला. पण टिका घेताना मागायचं नाही, असं बा म्हणतो. आधी टिका घ्यायची, जेवायचं. निघताना अंगणाच्या कडेला विचारायचं."

यतीनला गावं हिंडायची होती, ती अशी हिंडायला मिळाली. ओढे ओलांडायचे, दगडी पायऱ्या चढायच्या, लाल मातीनं सारवलेल्या घरापुढं उभं राहायचं. आतून म्हातारं माणूस यायचं. मनबहादुरपेक्षा मोठं असेल तर सगळे त्याच्या पुढ्यात बसायचे. लहान असेल तर मनबहादुर टिका लावायचा. मटण यायचं, चिवडा यायचा, तांदळाच्या दारूची वाटी यायची. यतीनच्या कपाळावर थरावर थर चढत गेले. दही वाळलं की कातडी ओढली जायची.

सगळीकडं म्हातारीच माणसं. भिंतीवर टोप्या घातलेल्या मुलांचे फोटो आणि मोबाइलवर त्यांचे आवाज. खहरे नावाच्या वस्तीत मनबहादुरचा चुलतभाऊ होता. त्यानं टिका लावली, भरपूर वाढलं, अंगणाच्या कडेपर्यंत पोचवायला आला. मनबहादुरनं विचारलं तेव्हा तो यतीनकडं पाहून हसला.

"लंडनवाल्यांना माणसं कशाला? मशीन आहे ना?"

"परत गेलं," मनबहादुर म्हणाला.

"गेलं? इतक्यात? सणाला आलं होतं वाटतं. टिका तरी लावलीत का त्याला?"

म्हाताऱ्यानं काठी उचलली. त्या उतरणीवर तो दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. तेजमान आधार द्यायला पुढं झाला, तर त्याचा हात बाजूला सारला.

पुढच्या घरीही बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. आणि त्याच्या पुढच्याही. कुणी नाही असं म्हणालं नाही. बघू, म्हणाले.

मुक्काम मनबहादुरच्या बहिणीकडं पडला. द्वादशीला सकाळी तिथं यतीनच्या मोबाइलला रेंज मिळाली आणि सुचेताचा व्हिडिओ कॉल आला.

"ओ माय गॉड, कपाळाला काय झालंय तुझ्या? रक्त आहे का ते?"

"तांदूळ आहेत."

"तांदूळ? यतीन, तू ठीक आहेस ना?"

"आम्ही माणसं शोधतोय. भात कापायला."

"तू भात कापणार? तू मागे लॉन मोअर ढकललास तर चार दिवस पाठ धरून बसला होतास." मग तिचा सूर बदलला. "हे बघ, फ्लाइट चुकवू नकोस. इरावतीची पेरेंट्स ईव्हनिंग आहे, मी लेट शिफ्टला आहे, तुलाच जायचंय."

"येतो ना," यतीन म्हणाला.

मनबहादुर ओसरीवर बसून बहिणीनं कढवलेलं तेल गुडघ्याला चोळत होता. चोळता चोळता तो तेजमानला काहीतरी म्हणाला.

"जसमाया दिदी सल्लेरीला आहे. माहेरी," तेजमाननं सांगितलं. "तिच्याकडंच जायचं म्हणतो. तिच्याशिवाय कुणी येणार नाही."

सल्लेरी डोंगराच्या माथ्याशी. वाटेत वड-पिंपळाचा पार लागला. म्हातारा तिथं टेकला. पुढं येणार नाही म्हणाला. गुडघा म्हणून की दुसरं काही म्हणून, ते कुणी विचारलं नाही.

जसमाया भावाच्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. दोघं उभे राहिले. तिनं बसा म्हटलं नाही.

"आलं का लंडन," ती म्हणाली. "कापून झालं?"

"नाही दिदी."

"का? मशीन दमलं?"

आतून एक बाई फसकन हसली, जसमायाची भावजय. यतीनला हिंदी येत होतं आणि जसमायाला सिनेमापुरतं कळत होतं. तो म्हणाला, "मशीनचं मी सुचवलं होतं. चूक माझी आहे. तेजमानच्या बाबांना माहीतही नव्हतं."

तिनं सूप खाली ठेवलं. प्रथमच त्याच्याकडं नीट पाहिलं: बूट, जॅकेट, कपाळावरचा लाल थर.

"माहीत आहे ते. मनबहादुरदादा असं बोलायचा नाही." मग तेजमानकडं वळली. "पण घर एकच ना? तू बोललास म्हणजे घर बोललं. बाकीच्या मला विचारतात, त्यांनी आमचे दिवस ओढ्यात टाकले, आता आम्ही कशाला जायचं? मी काय सांगू?"

"काय करू, दिदी?"

"जुनं संपलं. नवं धरायचं असेल तर आधी तुमच्या घरानं द्यायला पाहिजे. उद्या माझ्या भावाचं भात काढायचंय. इथं या. मग परवा तुम्ही जितके याल तितकी माणसं घेऊन मी तुमच्याकडं उतरते."

"परवा? खालची खाचरं तोवर..."

"जातील थोडी," ती म्हणाली. सूप उचललं. "आभाळ माझ्या हातात नाही."

पारावर येऊन तेजमाननं बापाला सांगितलं. म्हातारा खाली दरीकडं पाहत होता. इथून आंपचौर दिसत नव्हतं.

"तुम्ही नका येऊ," तेजमान म्हणाला. "मी आणि यतीन देतो दिवस."

"माझा दिवस माझ्याच अंगानं जाईल," मनबहादुर म्हणाला, आणि काठी टेकत सल्लेरीची चढण चढू लागला.

त्रयोदशीला उजाडता उजाडता ते खाचरात उतरले. इथलंही भात निम्मं पडलेलं होतं. पडलेलं भात कापायचं म्हणजे डाव्या हातानं मूठभर काड्या उचलायच्या, झटकायच्या, मुळाशी विळा घालून आपल्याकडं ओढायचा. कापलेल्याचे कडपे बांधावर मांडायचे. माणसं एका ओळीत सरकत होती. मनबहादुर उजवा पाय मागं ताणून, डाव्या गुडघ्यावर जवळजवळ रांगत कापत होता. त्याच्यामागं चिखलात एक लांब चर उमटत जाई. ओळ त्याच्यासाठी थांबत नव्हती आणि तो ओळीच्या मागं पडत नव्हता.

यतीन मागं पडला. त्याच्या मुठीत काड्या कमी येत आणि विळा दोन-तीनदा घासावा लागे. न्याहारीच्या सुमाराला त्यानं डाव्या करंगळीला कापून घेतलं. भावजयीनं तंबाखूची चिमूट जखमेवर दाबून चिंधी बांधली आणि विळा काढून घेतला. मग त्याला पेंढ्या बांधायला बसवलं. त्याच्या पेंढ्या उचलताच सुटत. मग वाहायला लावलं. पेंढ्यांचा भारा पाठीवर आणि त्याची पट्टी कपाळावर, असं वाहायचं असतं. पट्टीखाली वाळलेल्या टिकेचे तांदूळ टोचू लागले. दुसऱ्या खेपेला बांधावरून पाय घसरला आणि तो भाऱ्यासकट खालच्या खाचरात गेला. सगळ्यांनी आधी भारा उचलला.

"लागलं का?" तेजमाननं विचारलं.

"नाही."

"बस जरा."

"नको."

पण दुपारी जसमायानं त्याला बांधाच्या कडेला जेवणाची भांडी राखायला बसवलं. कुत्री येत होती. तो ती हाकलत बसला. समोर ओळ सरकत होती आणि ओळीत त्याच्या बापाच्या वयाचा माणूस रांगत होता. जॅकेटच्या खिशात पाकीट होतं. इथं त्याचा काही उपयोग नव्हता, हे एव्हाना त्याला कळलं होतं.

ऊन पडलं ते त्याच दुपारी, उशिरा.

चतुर्दशीला जसमाया टोळी घेऊन आंपचौरात उतरली. कुणी चहाला थांबलं नाही. खालच्या दोन खाचरांत लोंब्यांना पांढरे मोड आले होते. जसमायानं एक लोंबी उचलून मनबहादुरला दाखवली. त्यानं मान हलवली. ती खाचरं तशीच सोडून ओळ मधल्या खाचरांत शिरली. तिथलं भात टिकलेलं होतं. विळ्यांचा आवाज एकसारखा सुरू झाला. आमा सोडलेल्या खाचरांतून म्हशीसाठी वैरण कापू लागली. मोड आलेलं वेगळं, बरं वेगळं. मधूनच ओळीतून कुणीतरी भांडल्यासारखं काही ओरडे आणि बायका हसत. मनबहादुरला कुणीतरी म्हातारा बैल म्हटलं. त्यानं उलट काहीतरी सांगितलं, त्यावर जास्त हसू झालं.

यतीनची जीप दुपारी होती. तो बॅग घेऊन शेताच्या बांधावर आला. तेजमान ओळीतून निघून पाय धुऊन आला. तो आठवडाभर मागं राहणार होता. कडपे आता वरपर्यंत मांडले गेले होते. वर्षाचं सगळं नाही, पण बरंचसं घरात येईल, असं दिसत होतं.

"दिदींना सांग, निघतो," यतीन म्हणाला. "आणि विचार, आता सगळं फिटलं ना? आम्ही तिघांनी दिवस दिले, त्यांचेही तिघं आले."

तेजमाननं हाक मारून विचारलं. जसमाया पेंढी आवळत होती. वर न बघता तिनं उत्तर दिलं.

"काय म्हणतात?"

तेजमाननं सांगितलं, "बाचा पुरा धरलाय. माझा पुरा. तुझा अर्धा."

ओळीत कुणी हसलं नाही. विळे चालू राहिले. यतीनच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मग त्यांचा अर्धा जास्त झाला. तो कसा?"

तेजमानला भाषांतर करावं लागलं नाही. जसमायानं पेंढी खाली टाकली आणि यतीनकडं पाहून हिंदीतच म्हणाली, "तुम्ही जा. पाहुणा घराचा असतो. घर देईल."

खाली रस्त्यावर जीपवाल्यानं भोंगा वाजवला. यतीन बांधावर तसाच उभा राहिला.

"नको," तो तेजमानला म्हणाला. "त्यांना सांग, बाबांनी नको. मी पुढच्या वर्षी..."

"यतीन," तेजमान म्हणाला, "पुन्हा नको म्हणू नकोस."

मनबहादुर खाचराच्या पार टोकाला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ताठ न होता, हातातली मूठ कापून बाजूला ठेवत, त्यानं ओळीवरून आवाज दिला.

"कुठं यायचं?"

"खहरेला," जसमाया म्हणाली. "पौर्णिमा झाली की. तुमच्या चुलतभावाकडंच."

"येतो." त्यानं पुढची मूठ धरली. "अर्धा सकाळचा, का दुपारचा?"

जसमायानं नवी पेंढी बांधायला घेतली. गाठ आवळली.

"दुपारचा," ती म्हणाली. "सकाळी गुडघा धरलेला असतो तुमचा."